आधी हात निवड, मग चित्र

ताई, नमस्कार. मी २८ वर्षांची आहे आणि पहिला टॅटू काढून घ्यायचा विचार करतेय. माझे आजोबा प्रत्येक पत्राच्या शेवटी 'पोचल्यावर कळव' असं लिहायचे. ती ओळ त्यांच्याच अक्षरात मनगटाच्या आतल्या बाजूला हवी आहे, आणि मागे वॉटरकलरमध्ये फिकट गुलाबी-पिवळं फूल. नाहीतर मग बोटाच्या कडेला, अगदी बारीक. फोनमध्ये शेकडो फोटो साठवलेत, पण जितके बघते तितका गोंधळ वाढतो. एक आर्टिस्ट खूप नावाजलेले आहेत. त्यांनी काढलेले प्राणी आणि चेहरे बघून थक्क व्हायला होतं, पण चार महिने थांबावं लागेल. दुसरीकडे मैत्रिणीचा भाऊ घरीच टॅटू काढतो. 'येत्या रविवारी ये, पैसे नकोत' म्हणतो. त्याला नाही म्हणणं जड जातंय. माझा रंग सावळा आहे, रंगीत टॅटू दिसेल का? आई म्हणते, पस्तावशील. काय करू?
— दोलायमान

दोलायमान,

शेकडो फोटो साठवलेस, पण पत्रात त्यातल्या एकाही फोटोचं वर्णन केलं नाहीस. लिहिलीस ती आजोबांची ओळ. म्हणजे काय गोंदवायचं ते ठरलेलंच आहे. फोटो बघणं आजपासून बंद कर. राहिला प्रश्न कुणाकडून काढून घ्यायचं याचा, आणि तू दिलेल्या दोन नावांपैकी एकही या कामासाठी मला योग्य वाटत नाही.

नावाजलेल्या आर्टिस्टपासून सुरुवात करते. सिंहाची आयाळ, माणसाच्या डोळ्यातली चमक, हे सगळं हुबेहूब चित्रणाचं, म्हणजे रिअ‍ॅलिझमचं काम. ते शेडिंगवर उभं असतं. काळ्या शाईच्या फिकट-गडद छटा थरावर थर चढवत जायच्या, कडा मुद्दाम ठळक करायच्या नाहीत. एखादा थर जरा इकडचा तिकडे झाला तरी तो केसांत नाहीतर सावलीत मुरून जातो. हस्ताक्षर म्हणजे नुसती रेघ. तिला लपायला जागा नसते. वळणावर हात थरथरला, मशीन क्षणभर जास्त थांबलं, त्वचा नीट ताणली गेली नव्हती, की ते कायमचं दिसतं. हे दोन वेगळे हात आहेत. एकाच माणसाकडे दोन्ही असूही शकतात, पण ते त्याच्या कामात दिसलं पाहिजे. त्यांच्या पानावर अक्षरांची निदान दहा-बारा कामं आहेत का ते बघ. नसतील, तर चार महिने थांबून तुला एका उत्तम आर्टिस्टचं दुय्यम काम मिळेल.

म्हणून क्रम उलटा कर. बहुतेक जण आधी डिझाइन पक्कं करतात, मग स्टाइल शोधतात, आणि शेवटी जो मोकळा असेल त्या आर्टिस्टकडे जातात. तू आधी असा माणूस शोध जो रोज हेच करतो: लेटरिंग (अक्षरांचं काम), फाइन लाइन (बारीक रेघांचं काम), हस्ताक्षरं. सापडला की स्टाइलचा प्रश्न जवळजवळ सुटतो, आणि डिझाइन त्याच्यासमोर बसून ठरतं.

शोधताना एकाच प्रकारच्या फोटोंवर विश्वास ठेव: भरून आलेल्या टॅटूंच्या. याला सगळे 'हील्ड' फोटो म्हणतात. काम संपल्यावर पाच मिनिटांत काढलेला फोटो जवळपास सगळ्यांचाच सुंदर येतो. त्वचा सुजलेली असते, म्हणून रेघा घट्ट दिसतात. शाई वरच्या थरातही असते, म्हणून रंग गडद दिसतो. वर मलमाची चकाकी, स्टुडिओतला दिवा आणि फोनमधला फिल्टर. खरं काम दोन-तीन महिन्यांनंतर दिसायला लागतं आणि दोन-तीन वर्षांनी सिद्ध होतं. तेव्हा सरळ विचार: 'एक वर्षापेक्षा जुनी कामं दाखवता का?' ज्याला कामाचा अभिमान असतो तो आनंदाने दाखवतो. त्या फोटोंत बघायच्या गोष्टी मोजक्या आहेत. रेघेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी आहे का. रेघेच्या बाजूने निळसर धूसर पट्टा पसरलाय का. अक्षरांच्या पोटातली जागा मोकळी राहिलीय का. आणि तुझ्यासारख्या सावळ्या त्वचेवरची कामं त्यात आहेत का. फक्त गोऱ्या हातांचेच फोटो असतील तर त्याचं कारण विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे.

तो निळसर पट्टा म्हणजे ब्लोआउट. सुई त्वचेच्या वरच्या थरातून जाऊन खालच्या थरात, म्हणजे साधारण एक ते दोन मिलिमीटर खोलीवर, शाई सोडते. वरचा थर सतत झडत असतो, त्यामुळे शाई उथळ राहिली तर काही आठवड्यांत निघून जाते. फार खोल गेली तर खालच्या चरबीत पसरते आणि रेघ कायमची धुरकट होते. या दोन चुकांच्या मधली पट्टी अगदी अरुंद आहे, आणि ती शरीराच्या प्रत्येक भागावर बदलते. मनगटाच्या आतली त्वचा पातळ, दंडाची वेगळी, घोट्याची वेगळी. अनुभवाचे पैसे मोजायचे ते यासाठी.

शाई बरोबर बसली तरी ती स्थिर राहत नाही. शरीराला ती परकी वाटते, म्हणून त्वचेतल्या पेशी तिचे कण गिळून बसतात. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं, की या पेशी मरतात तेव्हा कण मोकळे होतात आणि शेजारच्या नव्या पेशी ते पुन्हा उचलतात. टॅटू टिकतो तो या देवाणघेवाणीमुळे. वर्षानुवर्षं ती चालू राहते तशी रेघ मात्र टीपकागदावरच्या शाईसारखी किंचित पसरत जाते. प्रत्येकाची पसरते, उत्तम आर्टिस्टने काढलेलीही. म्हणून डिझाइन आजच्या रेघेसाठी करायचं नसतं, दहा वर्षांनंतरच्या जाड रेघेसाठी करायचं असतं.

आता तुझी ओळ समोर ठेव. 'पोचल्यावर कळव'. यात 'ळ' आहे, त्याची दोन वेटोळी. 'ल्या' मध्ये अर्धा ल आणि य चिकटलेले. 'व' चं पोट दोनदा. अक्षरं तांदळाएवढी काढलीस तर काही वर्षांत या सगळ्या पोकळ्या भरतील, 'ळ' चा ठिपका होईल आणि 'व' चा गोळा. माझं माप असं: सगळ्यात लहान पोकळीतसुद्धा किमान दोन मिलिमीटर मोकळी जागा हवी. आजोबांचं अक्षर बारीक असेल तर मोठं करून घ्यावं लागेल, मात्रांसकट दीड सेंटिमीटर उंचीच्या आसपास. तुला हवं होतं त्यापेक्षा हे मोठं वाटेल. आर्टिस्टने मोठं कर म्हटलं तर तो जास्त पैशांसाठी सांगतोय असं लगेच समजू नकोस. उलट, सांगशील तेवढं लहान करून द्यायला जो पटकन तयार होतो, त्याच्याबद्दल मला शंका येते.

याच हिशोबात बोट बाद होतं. बोटाच्या कडेची त्वचा भराभर झडते, दिवसभर पाण्यात आणि घासण्यात असते, आणि शाई तिथे तुटक बसते. अनेक चांगले आर्टिस्ट बोटाचं काम घेतच नाहीत. घेतलं तर पुन्हा भरावं लागेल हे आधी सांगतात. मनगटावरसुद्धा अगदी घडीवर नको. तिथे त्वचा सारखी दुमडते. घडीपासून तीन-चार बोटं वर, हाताच्या आतल्या बाजूला घे. ऊन कमी लागतं, त्वचा सपाट असते, बाही ओढली की झाकता येतं. ओळ आडवी घेण्याऐवजी कोपराच्या दिशेने उभी घेतलीस तर अक्षरं मोठी ठेवायला जागा मिळेल, आणि 'ती मला सरळ दिसावी की समोरच्याला' हा वादही बराचसा मिटेल. त्या वादात आर्टिस्ट लोक बहुधा समोरच्याच्या बाजूने असतात. तुझी ओळ तुला उद्देशून आहे. तू वाचावीस अशी ठेवायची असेल तर ठामपणे सांग. पण हात खाली सोडल्यावर आणि डोक्यावर धरल्यावर कशी दिसते ते आरशात आधी बघ.

स्टेन्सिलच्या वेळी, म्हणजे टॅटूआधी डिझाइनचा ठसा हातावर उमटवताना, एक काळजी जास्त. देवनागरी येत नसलेला आर्टिस्टही सुंदर काम करू शकतो, फक्त चूक पकडायची जबाबदारी मग पूर्णपणे तुझी. कागदावर पडलेला एक काळा ठिपका स्टेन्सिलमध्ये येऊन अनुस्वार होऊन बसतो. तुटलेली शिरोरेखा 'नीट' केली जाते. पेन उचललं तिथली फट भरून काढली जाते. आजोबांचा 'च' जरा वाकडा असेल तर तो वाकडाच राहू दे. सुधारलेलं अक्षर मग त्यांचं राहत नाही, फाँट होतो. स्टेन्सिल हातावर उमटल्यावर पुसून पुन्हा लावायला सांगायला लाजू नकोस. ते पाच मिनिटांचं काम आहे. आणि मराठी वाचता येणारं, पण ही ओळ माहीत नसलेलं कुणीतरी सोबत ने. त्याला मोठ्याने वाचायला लाव. आपण वाचतो तेव्हा डोळे चूक परस्पर दुरुस्त करून टाकतात.

वॉटरकलरचं फूल मी सोडून द्यायला सांगेन, आणि त्याला कारणं दोन. सावळ्या त्वचेवर रंग दिसत नाहीत हे खोटं आहे, पण सगळे सारखे दिसत नाहीत हे खरं. शाई खालच्या थरात आणि त्वचेचं रंगद्रव्य तिच्या वर, त्यामुळे प्रत्येक रंग आपण त्या गाळणीतून बघतो. काळा उत्तम उठून दिसतो. गडद लाल, गडद निळा, गडद हिरवा चांगले दिसतात. नेमके तू निवडलेले फिकट गुलाबी आणि पिवळा यांचं भरून आल्यावर फारसं काही उरत नाही. दुसरं कारण म्हणजे वॉटरकलरमध्ये कडेला काळी रेघ नसते. रंग फिकट झाले की आकार धरून ठेवायला काही शिल्लक राहत नाही.

जुन्या अमेरिकन ट्रॅडिशनल स्टाइलचे जहाजाचे नांगर, गुलाब आणि चिमण्या याच कारणाने टिकल्या. जाड काळी बाह्यरेषा, भरपूर काळं शेडिंग, मोजकेच चार-पाच घट्ट रंग. होनोलुलूत खलाशांना टॅटू काढणारे नॉर्मन कॉलिन्स, म्हणजेच सेलर जेरी, १९७३ मध्ये वारले, पण त्या पद्धतीची डिझाइन्स आजही जगभर काढली जातात. जपानी पद्धतीत लाटा आणि ढगांची पार्श्वभूमी सगळं एकत्र बांधते, पण तिला पाठ नाहीतर अख्खा हात लागतो. मंडल आणि भौमितिक कामाला मोठी सपाट जागा हवी; वळणाऱ्या हातावर वर्तुळ अंडाकृती होतं. तुझ्या फोनमध्ये न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या नक्षीचे फोटोही असतीलच. ते जाता जाता पुसून टाक. मोकोमध्ये, म्हणजे माओरींच्या पारंपरिक टॅटूमध्ये, त्या माणसाची वंशावळ कोरलेली असते, आणि दुसऱ्याची वंशावळ हातावर मिरवणं बरं नाही. बाहेरच्या लोकांसाठी माओरी कलाकार किरितुही नावाचं वेगळं काम करतात. कधी त्या वाटेला गेलीसच तर त्यांच्याकडेच जा.

फूल हवंच असेल तर वेगळं, काळ्या रेघेत, वर्षभराने. ओळ आधी भरून येऊ दे. तिच्याशेजारी काय शोभतं ते तेव्हा जास्त नीट कळेल, आणि कदाचित काहीच नको असं वाटेल.

आता मैत्रिणीचा भाऊ. तो चांगला मुलगा असेल, पण फुकट टॅटूची किंमत त्वचा देते. घरी काम करणारा प्रत्येकजण अस्वच्छ असतो असं नाही, आणि चकचकीत स्टुडिओ स्वच्छ असतोच असंही नाही. फरक पद्धतीत दिसतो. सुईचं सीलबंद पाकीट तुझ्यासमोर फुटलं पाहिजे आणि त्यावरची तारीख तुला वाचता आली पाहिजे. शाई छोट्या टोपणात ओतून घ्यायची, उरलेली टाकून द्यायची. बाटलीत परत जाता कामा नये. मशीन, वायर, दिव्याचं हँडल प्लास्टिकने गुंडाळलेलं हवं. ग्लोव्ह्ज घालून फोन उचलला की ग्लोव्ह्ज बदलले पाहिजेत. मशीन धरायची स्टीलची ग्रिप पुन्हा वापरत असतील तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, हवा. उकळत्या पाण्यात बुडवणं किंवा स्पिरिटने पुसणं म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. हेपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही यांचा धोका इथेच असतो. शाईचा ब्रँडही विचार. २०११ च्या शरदात न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये १९ जणांच्या टॅटूवर हट्टी पुरळ उठलं होतं. त्यामागे करड्या रंगाची तयार मिसळलेली शाई निघाली. कंपनीतूनच तिच्यात जिवाणू आले होते, काढणाऱ्याचा दोष नव्हता. जानेवारी २०२२ पासून युरोपीय संघाने टॅटूच्या शाईतल्या चार हजारांहून अधिक रसायनांवर बंधनं घातली, तीही उगाच नाही. तेव्हा बाटली कुठून येते हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्यासमोर हात पुढे करू नये.

नाही कसं म्हणायचं हा तुझा खरा अडलेला प्रश्न दिसतो. सबबी सांगू नकोस. 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणालीस तर तो पुढच्या महिन्यात विचारेल. एवढंच म्हण: 'हे आजोबांचं अक्षर आहे, मी अक्षरांचंच काम करणाऱ्याकडे जाणार आहे.' यात त्याच्या हुशारीबद्दल काहीच वाईट बोलत नाहीस, आणि वाद घालायला त्याला जागाही उरत नाही. मैत्रीण दोन दिवस फुरंगटेल. फुरंगटू दे.

आर्टिस्टला पहिल्यांदा भेटशील तेव्हा शेकडो फोटो दाखवू नकोस. ओळ, जागा, अंदाजे माप आणि त्याच्याच कामांतले दोन-तीन नमुने पुरेत. दुसऱ्या कुणासाठी काढलेलं डिझाइन तसंच उतरवून मागू नये. चांगले लोक नकारच देतात. तो कशाला नाही म्हणतो ते लक्ष देऊन ऐक. बोटाला, मापाला, फिकट रंगाला कारण देऊन नाही म्हणाला, तर तुझा माणूस सापडला. सगळ्याला 'होऊन जाईल' म्हणाला, तर डिपॉझिट न देता घरी ये. टच-अप (फिकी पडलेली जागा पुन्हा भरणं) किती महिन्यांत आणि त्याचे पैसे वेगळे का, हेही तेव्हाच विचार. घासाघीस मात्र करू नकोस. परवडत नसेल तर थांब, नाहीतर नम्रपणे दुसरा शोध.

तुला जखमेवर मांस वाढून जाड व्रण उठत असतील, मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी गोळी किंवा मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचार. पत्रात तू यातलं काही लिहिलेलं नाहीस, म्हणून फक्त विचारून ठेवते.

आईचं म्हणणं उडवून लावू नकोस, पण त्याचा अर्थ 'काढू नकोस' एवढाच घेऊ नकोस. लोक पस्तावतात ते मी बघते तेव्हा कारण बहुतेक वेळा घाई असतं, किंवा ज्याच्याशी नातं अजून तळ्यात-मळ्यात आहे अशा कुणाचं तरी नाव. आजोबांशी तुझं नातं आता बदलायचं नाही. घाईचा बंदोबस्त सोपा आहे. ओळ तीन मापांत छापून घे, कापून हातावर चिकटव. मग त्वचेवर चालणाऱ्या पेनने रोज काढ, महिनाभर. ऑफिसात, लग्नात, आजारी असताना, स्वतःवर चिडलेली असताना तिच्याकडे बघ. कंटाळा आला तर साबणाने धू आणि आईला सांग की तिचं बरोबर होतं. लेझरचा पर्याय आहेच, पण त्याच्या भरवशावर काढू नकोस. काळी शाई त्यातल्या त्यात सहज जाते, तरी काही आठवड्यांच्या अंतराने अनेक सेशन्स लागतात, आणि काढण्यापेक्षा घालवणं जास्त दुखतं.

काढल्यानंतरचं फार अवघड नाही. दोन ते चार आठवडे खपली निघेपर्यंत खाजवायचं नाही, पोहायचं नाही, आर्टिस्ट सांगेल तेवढंच मलम, तेही पातळ. भरून आल्यावर उन्हात जाताना सनस्क्रीन, कायमचं. लाली पसरत गेली, पू झाला, ताप आला तर आर्टिस्टला मेसेज करत बसू नकोस, डॉक्टरांकडे जा.

आणि एक. मूळ पत्र स्टुडिओत नेऊ नकोस. घरीच सपाट ठेवून ६०० डीपीआयवर स्कॅन कर. फोनने काढलेल्या फोटोत कडेची अक्षरं तिरपी होतात. तेवढ्याच ओळीची फाइल आर्टिस्टला पाठव. आणि आजोबांची जितकी पत्रं हाताशी असतील त्या सगळ्यांतली 'पोचल्यावर कळव' शेजारी-शेजारी ठेवून बघ. ती सगळी सारखी नसणार. कुठल्यातरी एका पत्रात 'कळव' सगळ्यात मोकळं लिहिलेलं असेल, ती ओळ निवड.

— ताई